पहिल्या उड्डाणाला वेग कमी, दुसऱ्याला ठीक: स्टॅटिक नळीतलं पाणी

लक्षण आधी सांगतो. तुमच्या विमानाचं दुखणं यात बसत नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

सेसना १७२, एका इंजिनाचं छोटं विमान, जुनं, गोल तबकड्यांचं. सकाळचं पहिलं उड्डाण. धावपट्टीवर एअरस्पीडचा (हवेतल्या वेगाचा) काटा नेहमीसारखा उठतो, ५५ नॉटला नाक उचललं की विमान सुटतं, तक्रार काही नाही. चढाईत मात्र काटा मागे येतो. नाक ७० नॉटच्या जागी, इंजिनाचा सूर ७० चा, आणि तबकडी म्हणते ५५. अल्टिमीटर (उंची दाखवणारी तबकडी) सहा-सात सेकंद जागचा हलत नाही, मग ऐंशी-नव्वद फुटांची उडी मारतो, परत थांबतो. व्हर्टिकल स्पीडचा (चढण्या-उतरण्याच्या वेगाचा) काटा शून्याला टेकतो आणि त्या उडीबरोबर दचकतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप निवळतं. त्याच दिवशी दुसऱ्या उड्डाणाला काही नाही. शेडमध्ये आणून तपासा, काही नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच.

हे सगळं जुळत असेल तर पॅनलमधलं एकही उपकरण काढू नका. स्टॅटिक नळीत, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब या उपकरणांना देणाऱ्या नळीत, पाणी आहे. आम्हाला हे कळायला दोन महिने गेले आणि एक चांगला अल्टिमीटर विनाकारण बदलला गेला.

विमान सोलापूरचं. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर एका मालकांचं विमान काही महिने मुक्कामाला होतं आणि त्याच्या पॅनलमागचं काम माझ्याकडे आलं. मी एव्हियॉनिक्सचा, म्हणजे विमानातल्या उपकरणांचा माणूस, सही करणारे एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) वेगळे. तिसरे होते अण्णा. विमान ढकलणं, पुसणं, धुणं, झाकणं सगळं त्यांच्याकडे. गिरणीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस. यंत्र कुठलंही असो, त्याला हात लावायच्या आधी आवाज ऐकणार.

आधी दोन नळ्या ओळखा

तीन उपकरणं, दोन नळ्या, एवढाच संसार आहे. डाव्या पंखाखाली जी नळी वाऱ्याला तोंड करून असते ती पिटो. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब ती घेते आणि फक्त एअरस्पीड इंडिकेटरला देते. दुसरी स्टॅटिक. फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, डाव्या बाजूला, दाराच्या पुढे, पत्र्यावर एक बारीक छिद्र दिसेल. भोवतालच्या शांत हवेचा दाब तिथून आत येतो आणि एअरस्पीड, अल्टिमीटर, व्हर्टिकल स्पीड या तिघांनाही मिळतो. एअरस्पीड पिटोच्या दाबातून हा दाब वजा करतो आणि उरेल त्यावरून वेग दाखवतो.

म्हणून नुसता एअरस्पीड वेडावाकडा चालत असेल आणि बाकीचे दोघे शहाण्यासारखे वागत असतील, तर दोष पिटोच्या बाजूला. तिघे एकाच वेळी बिघडले तर स्टॅटिक. तीन उपकरणं एका दिवसात, एका मिनिटाला, एकाच तऱ्हेने नादुरुस्त होत नसतात.

पिटोचं समोरचं तोंड बंद झालं आणि खालचं निचऱ्याचं भोक उघडं राहिलं तर काटा शून्यावर येतो. दोन्ही बंद झाली तर आत अडकलेला दाब तसाच राहतो आणि एअरस्पीड इंडिकेटर अल्टिमीटरसारखा वागू लागतो: वर गेलं की वेग वाढलेला दिसतो, खाली आलं की कमी. स्टॅटिक पूर्ण बंद झाली तर अल्टिमीटर जिथे आहे तिथे गोठतो, व्हर्टिकल स्पीड शून्यावर बसतो, आणि एअरस्पीड चढाईत खरा आहे त्याहून कमी, उतरताना खरा आहे त्याहून जास्त दाखवतो. हे वाक्य पुन्हा वाचा. उतरतानाचं पुढे लागणार आहे.

आमच्या विमानात स्टॅटिक पूर्ण बंद नव्हती. बंद व्हायची, सुटायची, परत बंद व्हायची.

आम्ही कुठे भरकटलो

पहिला चकवा कुंभारणीने दिला. चैत्रात एकदा धावपट्टीवर एअरस्पीडचा काटा उठलाच नाही, कॅप्टननी थ्रॉटल मागे घेतलं, विमान परत आलं. पिटोच्या तोंडाशी टॉर्च धरला तर आत मातीचा बुंधा. कुंभारीण माशीने दोन दिवसांत घर बांधून टाकलं होतं. पिटोवरचं कव्हर कुणीतरी धुवायला म्हणून काढलं होतं ते वाळतच पडलेलं. या माशीला हसू नका. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. तपासात पिटो नळी बंद असल्याचं निघालं आणि सर्वाधिक संशय अशाच चिखलाचं घर करणाऱ्या गांधीलमाशीवर गेला. ते विमानही काही दिवस कव्हरशिवाय उभं होतं.

पिटो साफ झाली, काटा उठू लागला. पण पंधरवड्याने कॅप्टननी सांगितलं, "चढाईत स्पीड कमी दाखवतोय," तेव्हा आमच्या डोक्यात माशीच बसलेली होती. पिटो परत उघडली. स्वच्छ. परत उघडली. परत स्वच्छ. कॅप्टननी अल्टिमीटरच्या उड्यांचाही उल्लेख केला होता, पण तो आम्ही वेगळा दोष म्हणून वेगळ्या ओळीत लिहिला. चूक तिथे झाली. एका दुखण्याची दोन लक्षणं दोन रोग म्हणून नोंदवली की दोन औषधं दिली जातात.

मग कुणीतरी उन्हाचं काढलं. मेमधलं सोलापूर, पारा ४२ च्या वर, "हवाच पातळ आहे, स्पीड कुठून दाखवणार?" ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर, म्हणजे १,५८० फुटांच्या आसपास. ४२ अंशांना विमानाला ती हवा साधारण ५,००० फुटांवरच्या हवेसारखी लागते. त्यामुळे धाव लांबते, चढाई मंदावते, हे खरं. पण एअरस्पीड इंडिकेटर आदळणाऱ्या हवेचा दाब मोजतो आणि पंखही त्याच दाबावर तरंगतो. थंडीत ५५ ला सुटणारं विमान उन्हाळ्यातही तबकडीवरच्या ५५ लाच सुटतं. ऊन दोषी असतं तर दुसऱ्या उड्डाणाला, भर दुपारी, त्रास वाढायला हवा होता. तो उलट नाहीसा व्हायचा.

त्यानंतर अल्टिमीटर बदलला. ओव्हरहॉल केलेला दुसरा बसवला, जमिनीवर क्यूएनएच (त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब) लावून पाहिलं, एअरपोर्टची उंची बरोबर दाखवली, लॉगबुकात सही झाली. मालकांचा खिसा चांगलाच हलका झाला. सहाव्या दिवशी नव्या अल्टिमीटरनेही उडी मारली.

मालक मला म्हणाले, "काय करायलंय हो हे? तुम्ही बदलायला लागलात की ते बरं होतंय, बिल दिलं की परत आजारी पडतंय."

उत्तर नव्हतं.

लीक टेस्ट केली. स्टॅटिक छिद्राला अडॅप्टर लावून हवा ओढायची, अल्टिमीटर १,००० फूट वर न्यायचा, नळी चिमटीत बंद करून एक मिनिट थांबायचं. १०० फुटांपेक्षा जास्त घसरला तर गळती. आमचा वीस फूटही घसरला नाही. उत्तम सिस्टीम! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिथेच आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. लीक टेस्ट गळती शोधते. तुंबलेली नळी गळत नाही. उलट पाण्याने बूच मारलेली नळी लीक टेस्ट दिमाखात पास होते.

नंतर नियम उघडून वाचला तेव्हा लाज वाटली. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याच्या नियमांत भाग ४३ चं परिशिष्ट ई आहे, स्टॅटिक तपासणीचं. त्यात पहिलं कलमच असं, की नळीत साठलेला ओलावा आणि अडथळा नाही याची खात्री करा. गळती दुसऱ्या कलमात येते. आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्या कलमापासून सुरुवात करत आलो, कारण दुसऱ्याला आकडा आहे आणि पहिल्याला नाही.

व्हिडिओ

गाठ सुटली ती मालकांच्या पुतण्यामुळे. पोराला नुकतंच लायसन्स मिळालेलं, शेजारच्या सीटवर बसून त्याने टेकऑफचा व्हिडिओ काढला होता, मित्रांना दाखवायला. मी शेडमध्ये बसून तो दहा-बारा वेळा पाहिला. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडा तसाच राहिला.

फ्रेममध्ये अल्टिमीटर होता आणि खाली ट्रान्सपाँडरही (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारी पेटी). ट्रान्सपाँडरला उंची अल्टिमीटर देत नाही. पॅनलमागे ब्लाइंड एन्कोडर नावाची वेगळी डबी असते, ती स्वतः दाब मोजते आणि शंभर-शंभर फुटांच्या पायऱ्यांनी उंची पाठवते. काटा नाही, गिअर नाही, अल्टिमीटरशी काही नातं नाही. सामायिक आहे ती फक्त स्टॅटिक नळी. व्हिडिओत अल्टिमीटर थांबायचा तेव्हा ट्रान्सपाँडरवरचा आकडाही थांबायचा. शेजारच्या टॅबलेटवर जीपीएसची उंची मात्र शांतपणे, एकसारखी वाढत होती.

म्हणजे जुना अल्टिमीटर निर्दोष होता. नवाही. दोघांना खोटी हवा मिळत होती.

ही तपासणी तुम्ही आजही करू शकता, स्क्रू न उघडता. अल्टिमीटरची खिडकी १०१३ या प्रमाण दाबावर लावा, ट्रान्सपाँडरवर प्रेशर अल्टिट्यूड (त्याच दाबावरून मोजलेली उंची) आणा, चढाईत दोन्ही बघायला शेजारच्याला सांगा (उडवणाऱ्याने बघू नये, त्याने बाहेर बघावं). दोन्ही आपसांत जुळत असतील आणि एकत्रच अडखळत असतील तर दोष नळीत. एन्कोडर सरळ चढतोय आणि अल्टिमीटरच अडतोय, तर अल्टिमीटर. जीपीएसच्या उंचीशी आकडा जुळणार नाही, जुळायची अपेक्षाही करू नका. ती चाल बघायला घ्यायची, आकडा बघायला नाही.

आता प्रश्न, नळीत काय आणि चार-पाच दिवसांनीच का. याचं उत्तर अण्णांकडे होतं, आम्ही विचारलंच नव्हतं. मी सहज म्हणालो, "अण्णा, परवा दिवशी विमानाला काय केलं होतं?"

"काही नाही की. धुतलं."

"आणि मागच्या आठवड्यात?"

"टाकी भरली की धुतो. पाणी असतंय तेव्हाच धुवावं लागतंय बाबा, सोलापूर आहे."

इथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि सगळ्या घराचं धुणंभांडं त्या दिवसाभोवती फिरतं. शेडमागची टाकीही तशीच आठवड्यातून एक-दोनदा भरायची. टाकी भरली की अण्णा धुळीने माखलेलं विमान पाइप लावून धुवायचे, दुसऱ्या सकाळी उड्डाण. लॉगबुकातल्या तक्रारींच्या तारखा आणि अण्णांच्या टाकीचे दिवस शेजारी मांडले. एकही तारीख चुकली नाही.

पाणी आत गेलं कसं, आणि राहिलं का

नुसतं धुण्याने एवढं पाणी आत जायला नको. विमानं जगभर धुतली जातात, पावसात उभी राहतात. दोन गोष्टी जुळून आल्या होत्या.

पहिली उन्हाची. दिवसभर तापलेलं विमान, आतली हवाही तापलेली, त्यावर संध्याकाळी टाकीचं पाणी. तीन उपकरणांच्या पोटात आणि नळीत मिळून लिटरभर हवा धरा. ती एका अंशाने गार झाली तरी तीनेक मिलीलीटरने आकसते. बाहेर छिद्रावर त्या वेळी पाण्याचा थर असेल तर हवेऐवजी पाणी ओढलं जाणार. म्हणजे पाणी जोराने मारलंच पाहिजे असं नाही. नळी स्वतःच घोट घेते.

दुसरी गोष्ट माणसाची. काही काळापूर्वी या विमानात नवा रेडिओ बसला होता, आमच्याकडे नाही, दुसरीकडे. त्या वेळी जागा करण्यासाठी स्टॅटिक होज क्लॅम्पमधून काढून बाजूला घेतलेली, आणि काम झाल्यावर ती परत क्लॅम्पमध्ये गेलीच नाही. छिद्रापासून नळी वर चढत जायला हवी, म्हणजे आलेला थेंब उतरून परत बाहेर पडतो. आमची नळी आधी खाली लोंबत होती आणि मग वर गेली होती. झोळी तयार. काही विमानांत सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचा कॉक असतो. या नव्या झोळीला तो कुठून असणार?

आता हिशेब करा, कारण हा हिशेब केल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. ७० नॉट म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. त्या वेगाला पिटोत येणारा जादा दाब सुमारे ७९० पास्कल, म्हणजे आठ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. अख्खा एअरस्पीड इंडिकेटर त्या वेगाला आठ सेंटिमीटर पाण्यावर चालतो! पाव इंच पोकळीच्या नळीत तीन सेंटिमीटर पाणी बसायला एक मिलीलीटरही लागत नाही, चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा भाग. चढाईत बाहेरचा दाब कमी होतो, आतला दाब पाण्याचं बूच ढकलत राहतो, आणि तीन सेंटिमीटरचा फरक पडेपर्यंत हवा सुटत नाही. आठातून तीन वजा झाले. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून ७० चे तबकडीवर ५५ झाले. उंचीत तोच फरक पंच्याऐंशी फुटांच्या आसपास. मिनिटाला ७०० फुटांच्या चढाईत ते अंतर कापायला सात सेकंद. अल्टिमीटर नेमका तेवढाच वेळ गप्प बसायचा. मग बुडबुडा फुटायचा, काटा उडी घ्यायचा.

थोड्या वेळाने त्या बुडबुड्यांनीच पाणी नळीभर थेंबाथेंबाने विखुरलं जातं आणि वाट मोकळी होते. म्हणून दुसरं उड्डाण ठीक. रात्रभर विमान उभं राहिलं की थेंब ओघळून परत झोळीत. म्हणून सकाळचं बिघडलेलं. आणि शेडमध्ये आणेपर्यंत पाणी विखुरलेलंच असायचं, म्हणून आम्हाला कधी सापडलं नाही.

पिटो हे ज्याचं नाव, तो आंरी पिटो फ्रेंच इंजिनिअर. त्याने ही नळी १७३२ मध्ये सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला काढली होती. आमच्याकडे येऊन त्याच्या यंत्राला पाण्यानेच फसवलं.

काढायचं कसं

तोंडाने फुंकू नका. कॉम्प्रेसर तर लांबच ठेवा. उपकरणं जोडलेली असताना स्टॅटिक किंवा पिटोत हवा मारली तर एअरस्पीडचा डायफ्रॅम जातो आणि व्हर्टिकल स्पीडही कामातून जाते. आठ सेंटिमीटर पाण्यावर चालणाऱ्या वस्तूला टायर भरायची हवा दाखवायची नसते.

पहिल्या उड्डाणाच्या आधी, विमान रात्रभर उभं असताना बघा. लीक टेस्टचीच जोडणी घ्या, पण बघायचं वेगळं. हवा अगदी सावकाश ओढा आणि काटा कसा चढतो ते पाहा. मोकळ्या नळीत तो तुपासारखा चढतो. पाणी असेल तर थांबेल, दचकेल, परत थांबेल. माझ्यापुरता मी आता टेस्टचा हा भाग महत्त्वाचा मानतो, एका मिनिटाचा थांबा त्याच्यानंतर.

मग पॅनलमागे जाऊन स्टॅटिक नळी उपकरणांपासून सोडवा. एन्कोडर विसरला जातो, त्याचीही सोडवा. सोडलेली तोंडं झाका. आता उपकरणांच्या बाजूने बाहेरच्या छिद्राकडे, कमी दाबाची कोरडी हवा सोडा. उलट दिशेने सोडली तर पाणी उपकरणांच्या जोडापर्यंत येतं. छिद्रापाशी पांढरं फडकं धरा. आमच्या फडक्यावर आधी मातकट थेंब आले, मग नुसता ओलावा, मग पॉलिशचा एक पांढरा कण. तो कणही वर्षभर तिथे बसला असणार. दहा मिनिटं हवा सुरू ठेवा, घाई नको.

होज तपासा. जुनी प्लॅस्टिकची नळी कडक झालेली असते आणि जोडावर चिरते. एवढं उघडलंच आहे तर बदलून टाका. छिद्रापासून वर चढती ठेवा, क्लॅम्प लावा, कुठे झोळी राहिली नाही हे आरशात बघा. सगळं जोडल्यावर पुन्हा लीक टेस्ट करायचीच, कारण आता तुम्ही स्वतः चार जोड उघडले आहेत. एएमईची सही झाल्याशिवाय विमान हलवायचं नाही, हे लिहायला नको, तरी लिहितो.

हवेत असताना लक्षात आलं तर

पॅनलवर अल्टरनेट स्टॅटिकची कळ असते. ओढली की उपकरणं केबिनमधली हवा घेतात. केबिनमध्ये दाब किंचित कमी असतो, त्यामुळे साधारणपणे वेग आणि उंची थोडी जास्त दिसते. किती, ते विमानाच्या हँडबुकातल्या तक्त्यात आहे. कळ ओढताच तिन्ही काटे सुधारले तर पाणी छिद्र आणि कळीच्या मधल्या नळीत आहे. आम्हाला उघडायच्या आधी जागा कळली ती अशीच. कळ ओढूनही फरक पडला नाही तर अडथळा कळीच्या पुढे, उपकरणांच्या बाजूला शोधा.

चढाईतला कमी वेग घाबरवतो, पण मारत नाही. फार तर पायलट नाक खाली करेल. उतरताना हिशेब उलटतो. बाहेरचा दाब वाढतो, आतला मागे राहतो, आणि तबकडी जास्त दाखवते. त्याच तीन सेंटिमीटर पाण्याने ६५ दिसत असताना खरा वेग ४९ च्या आसपास असू शकतो, म्हणजे फ्लॅप न सोडलेल्या १७२ च्या स्टॉलपाशी, जिथे पंख विमान उचलून धरणं सोडतो. पायलटला वाटतं वेग जरा जास्तच आहे, तो थ्रॉटल मागे घेतो. म्हणून चढाईत ही लक्षणं दिसली तर परत येताना तबकडीवर नाही, ओळखीच्या आरपीएमवर आणि नाकाच्या स्थितीवर उतरा, कळ ओढून ठेवा, आणि स्टॉल वॉर्निंगचा भोंगा वाजला तर त्याचं ऐका. त्याला स्टॅटिक नळी लागत नाही.

बारामती, गोंदियाला विमान उडवायला शिकणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो: नेहमीच्या चढाईला, नेहमीच्या अप्रोचला तुमच्या विमानाचे आरपीएम किती असतात ते पाठ ठेवा. एअरस्पीड खोटं बोलला हे कळायला काहीतरी खरं माहीत असावं लागतं.

धुण्याचं काय केलं

धुणं बंद करता येणार नव्हतं. आता विमान सकाळी, गार असताना धुतलं जातं. छिद्रापाशी पाइप नाही, ओलं फडकं. आणि धुण्याआधी स्टॅटिक छिद्रावर टेप.

टेपवर मात्र माझं आणि अण्णांचं वाजलं. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ च्या स्टॅटिक छिद्रांवर धुताना लावलेली टेप काढायची राहिली होती. रात्रीची वेळ, खाली समुद्र, एकही उंची खरी नाही. ७० जण गेले. ती टेप पत्र्याच्या रंगाची होती, नजरेत भरली नाही. मी म्हणालो, लाल टेप आणा आणि हातभर शेपूट सोडा. अण्णा म्हणाले, "शेपूट वाऱ्याने तुटतंय. टेप तिथंच राहती."

त्यांनी घरून जुन्या सोलापुरी चादरीची गडद लाल किनार आणली, हातभर कापून टेपच्या टोकाला शिवली, आणि तिचं दुसरं टोक पायलटच्या दाराच्या हँडलला बांधलं. टेप काढल्याशिवाय दार उघडत नाही. मी यावर काही सुधारणा सुचवू शकलो नाही.

शेवटी लॉगबुक. आधीची नोंद होती, "अल्टिमीटर बदलला, जमिनीवर तपासणी समाधानकारक." त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळलं नसतं. या वेळी लिहिलं: "चढाईत एअरस्पीड कमी, अल्टिमीटर व एन्कोडर एकत्र अडखळणे. स्टॅटिक होज क्लॅम्पमधून सुटलेली, खोलगट भागात पाणी. होज बदलली, चढती बसवली. लीक टेस्ट ठीक, काटा न अडखळता चढतो. विमान धुतल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला लक्ष ठेवावे." जुना अल्टिमीटर टॅग लावून कपाटात ठेवला आहे, टॅगवर लिहिलंय: चांगला आहे.